नऊ हजारांचं जुनं इंजिन: घ्यावं, की आपलंच उघडावं?

रविवारी दुपारी माझ्या व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. काळपट, तेलकट, टायरवर ठेवलेलं एक इंजिन. खाली मेसेज: "भाऊ, आल्टोचं आहे. ९,००० फायनल. फक्त रिंगा टाका, नवीन होईल."

आदल्याच रात्री आमची २००८ ची आल्टो बंद पडली होती. पुण्याहून वाईला येताना खंबाटकी घाट चढत होतो, गाडी मी चालवत होतो. रेडिएटरचा होज फुटला आणि टेम्परेचरचा काटा वर गेला. तो मला दिसलाही होता. पण 'घाट संपला की थांबू' असं म्हणत मी आणखी चार-पाच मिनिटं गाडी रेटली. दोष गाडीचा नव्हता. होज जुना झालेला होता आणि काटा बघूनही मी थांबलो नाही.

आता ही गाडी आमच्याकडे हौसेची नाही. आजीला सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावं लागतं. भाड्याच्या गाडीचे एका फेरीचे १,२०० रुपये. त्यामुळे गाडी लवकर उभी करायची होती, पण पैसेही मोजून होते. अशा वेळी नऊ हजारांचा फोटो फार गोड दिसतो!

तर मित्रांनो, पुढच्या बारा दिवसांत मी जे शिकलो ते इथे सांगतो. तुम्ही कधी जुनी गाडी घेतलीत, किंवा घरातल्या गाडीचं 'इंजिन काम' निघालं, तर याचा नक्की उपयोग होईल.

आधी समजून घेऊ: इंजिन 'जातं' म्हणजे काय होतं?

आल्टोचं हे इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी आणि पिस्टनची वर-खाली धाव ७२ मिमी. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल तर पिस्टन सेकंदाला १०० वेळा सिलिंडरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. म्हणजे सरासरी ७.२ मीटर प्रति सेकंद वेग. आणि एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा स्फोट होतो.

एवढं सगळं चालतं ते दोन गोष्टींवर: सील आणि तेलाचा थर.

सील म्हणजे स्फोटाचा दाब बाहेर जाऊ न देणं. खालून पिस्टनच्या रिंगा, वरून व्हॉल्व्ह, आणि ब्लॉक व हेड यांच्यामध्ये हेड गॅस्केट. यातलं काहीही गळायला लागलं की ताकद गेली. तेलाचा थर म्हणजे क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली तेलाची पातळ चादर. ती आहे तोवर धातू धातूला लागत नाही. तेल संपलं की काही मिनिटांत बेअरिंग खलास.

मग उष्णतेचं काय? जळणाऱ्या वायूचं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि हेड बनलंय अॅल्युमिनियमचं, जे ६६० अंशाला वितळतं. ते वितळत नाही कारण मागून सतत पाणी फिरत असतं. पाणी थांबलं की हेड तापून पसरतं. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, पण हेड तर पोलादी बोल्टांनी आवळलेलं! जागा मिळत नाही म्हणून ते वाकतं, कधी कधी त्याला तडाही जातो. घाटात मी नेमकं हेच केलं होतं.

म्हणून पहिला धडा: 'इंजिन गेलं' हे निदान नाही. इंजिन कशानं गेलं, हे कळलं की अर्धा निर्णय झाला.

मिस्त्रीकाकांची पहिली तपासणी

रविवारीच मिस्त्रीकाका घरी आले. मी त्यांना नऊ हजारांचं सांगायच्या आधीच त्यांनी प्लग काढले आणि कॉम्प्रेशन गेज लावलं. हे म्हणजे टायरची हवा बघायच्या घड्याळासारखंच असतं, फक्त प्लगच्या भोकात बसवतात. इंधन आणि स्पार्क बंद करायचा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, स्टार्टर मारायचा आणि दाब वाचायचा.

आमचे आकडे आले: पहिला सिलिंडर १६०, दुसरा ७०, तिसरा ७५ पीएसआय.

चांगल्या पेट्रोल इंजिनात हा आकडा साधारण १५० ते २०० च्या दरम्यान असतो. पण आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो सिलिंडरांमधला फरक. दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कुठेतरी गळती आहे.

मग काकांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकलं आणि परत दाब घेतला. आकडे जवळपास तेवढेच राहिले. याला वेट टेस्ट म्हणतात. तेल टाकल्यावर दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर घासलेत, कारण तेलानं ती फट तात्पुरती बुजते. वाढला नाही तर दोष वर आहे: व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम उतरले असतील, तर त्यांच्यामधलं गॅस्केट जळालेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

ऑइलचं झाकण उघडलं तर आत दुधाळ चहासारखं काहीतरी. पाणी तेलात गेलं होतं. (एक सूचना: फक्त झाकणाखाली थोडासा फेस दिसला म्हणून घाबरू नका. थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या तरी दमटपणामुळे तसं होतं. दांडीवरचं तेलही दुधाळ असेल तर मात्र नक्की.)

"खालचा भाग बहुतेक बरा आहे," काका म्हणाले. "पण उघडल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

तेव्हा मी फोटो दाखवला. काकांनी तो मोठा करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "हे कशानं मेलं, ते विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं.

आमच्यापुढचे तीन रस्ते

एक: आपलंच इंजिन उघडून दुरुस्त करणं.

दोन: चालू गाडीतून काढलेलं वापरलेलं इंजिन आणून थेट बसवणं. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी हे जुन्या भागांचे मोठे बाजार, आणि लहान प्रमाणात असे विक्रेते जवळपास प्रत्येक शहरात असतात. मला २२,००० चा भाव मिळाला, तीस दिवसांच्या वॉरंटीसह.

तीन: नऊ हजारांचं मेलेलं इंजिन आणून ते नव्यानं बांधणं.

तिसरा रस्ता मला सगळ्यात स्वस्त वाटत होता. शिवाय रीबिल्डचे व्हिडिओ पाहिलेले! काळं इंजिन आत जातं, बारा मिनिटांत चकचकीत बाहेर येतं. त्या बारा मिनिटांत लेथवाल्याचं बिल दिसत नाही.

प्रत्यक्ष पाहायला गेलो: फोन आणि पंधरा एमएमचा पाना

सोमवारी पुण्याला विक्रेत्याकडे गेलो. जाताना सोबत घेतलं: पानांचा सेट, टॉर्च, जुना कपडा आणि फोनला लावायचा वायरवाला कॅमेरा. हा एंडोस्कोप कॅमेरा काही शे रुपयांत मिळतो. पेन्सिलीपेक्षा बारीक तोंड, टोकाला एलईडी, दुसऱ्या टोकाला टाइप-सी. तुमचा फोन ओटीजी चालवत असेल तर तो चालतो. मात्र स्वस्त कॅमेऱ्याला अगदी जवळचं स्पष्ट दिसत नाही, दोन-तीन सेंटीमीटर अंतर ठेवावं लागतं. घरी एखाद्या बाटलीत घालून आधी सराव करा.

काय काय पाहिलं ते क्रमानं सांगतो.

१. इंजिन हातानं फिरतंय का? क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून दोन पूर्ण फेरे फिरवायचे. जाम असेल तर तिथेच नमस्कार करा. फिरत असेल तर प्लग बसवून फिरवा. प्रत्येक सिलिंडरला हाताला अडवल्यासारखं वाटलं पाहिजे. आमच्या नऊ हजारीला दोनदा छान अडलं, तिसऱ्यांदा पाना सुळकन फिरला.

२. प्लगचं भोक बंद आहे का? तिसऱ्या सिलिंडरचा प्लगच नव्हता. म्हणजे पावसाळाभर भोक उघडं. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत सिलिंडरची आतली भिंत लोखंडी असते. पाणी आत गेलं की गंज, आणि गंज पुसला तरी खड्डे राहतात.

३. कॅमेरा आत. चांगल्या सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतात. त्या होनिंगच्या. तेल धरून ठेवायला कारखान्यातच मुद्दाम पाडलेल्या. त्या दिसल्या तर इंजिन फार घासलेलं नाही. पहिल्या दोन सिलिंडरांत त्या पुसट झाल्या होत्या आणि उभे ओरखडे होते. तिसऱ्यात गंजाचे डाग. पिस्टनचा माथाही बघा. सगळे माथे काळे आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी गळत होतं.

४. इनटेकमध्ये बोट फिरवलं. बोटाला बारीक मातीचा थर लागला. म्हणजे हे इंजिन एअर फिल्टरशिवाय, किंवा फाटक्या फिल्टरवर चाललं असावं. उभे ओरखडे कुठून आले ते कळलं. धूळ म्हणजे सिलिंडरसाठी पॉलिश पेपरच.

५. ऑइल चेंबरचा बोल्ट. थोडं तेल कपड्यावर काढून उन्हात धरलं. तेलात चमचमणारे कण दिसले तर बेअरिंग घासलंय. इथे काळं तेल होतं, पण चमक नव्हती. तेलाचा तुटवडा झाला नसावा.

६. पुराचं पाणी? कोपऱ्यांत, बोल्टांच्या खाचांत वाळलेला चिखल शोधा. कोल्हापूर-सांगलीला २०१९ आणि २०२१ मध्ये पूर आले तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

आणखी एक. असं सुटं इंजिन असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट बहुतेक वेळा करता येत नाही, कारण स्टार्टर गिअरबॉक्सच्या घरावर बसतो आणि गिअरबॉक्स सोबत नसतो. तेव्हा लीक टेस्ट करायची. ज्या सिलिंडरची तपासणी आहे त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. ऑइल भरायच्या तोंडातून हवा आली तर रिंगा, सायलेन्सरच्या बाजूनं आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. विक्रेता यालाही नाही म्हणाला, तर ते उत्तरच समजा.

ओबीडी स्कॅनर घेऊन जाऊ का, असं मित्रानं विचारलं होतं. सुट्या इंजिनावर त्याचा काही उपयोग नाही. तो सेन्सर वाचतो, झीज मोजत नाही. आणि विक्रेत्यानं पाठवलेला 'चालू इंजिनाचा व्हिडिओ' तर पुरावाच नव्हे. व्हिडिओ याच इंजिनाचा आहे कशावरून? बघायचंच तर व्हिडिओ कॉल करा, आणि ब्लॉकवरचा नंबर दाखवायला सांगा.

खरं सांगतो, एवढं सगळं बघूनही मी पैसे काढणार होतो. तेवढ्यात शेठ म्हणाले, "दोन गिऱ्हाईकं येऊन गेलीत, संध्याकाळपर्यंत जाईल." आजीची बुधवारची फेरी डोळ्यांपुढे होती. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "जाऊ दे गेलं तर. आधी आपलं उघडू."

इंजिन उघडल्यावर: मत नको, माप हवं

मंगळवारी आमचं इंजिन उतरवलं. बुधवारी ब्लॉक, क्रँक आणि हेड साताऱ्याच्या मशीन शॉपमध्ये दिलं. तिथे मला कळलं की 'घासलंय' आणि 'घासलं नाही' यांच्यामधलं अंतर केसाएवढं असतं, अक्षरशः.

बोअर गेज नावाचं घड्याळ सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडव्या-उभ्या दिशेनं फिरवतात. सिलिंडर वरच्या बाजूला जास्त घासतो, कारण स्फोटाचा दाब तिथेच सगळ्यात जास्त असतो. शिवाय पिस्टन एका बाजूला रेटला जातो म्हणून तो गोल न राहता किंचित लांबट होतो. अशा छोट्या इंजिनांत ही तफावत साधारण ०.१० मिमीच्या वर गेली की बोअर करावं लागतं. माणसाच्या केसाची जाडीही त्याच्याच आसपास असते.

आमची जास्तीत जास्त तफावत निघाली ०.०३ मिमी. नखाला लागेल असा एकही ओरखडा नाही. म्हणजे बोअर नको, नवीन पिस्टन नको. हलकं होनिंग आणि नव्या रिंगा पुरेत. क्रँकही मापात.

नऊ हजारी इंजिनाचं काय झालं असतं? गंजाचे खड्डे आणि ओरखडे होनिंगनं जात नाहीत. सिलिंडर मोठा करून ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकावे लागले असते, तेही तिन्ही. 'फक्त रिंगा टाका' हे वाक्य तिथेच संपलं.

आता आमच्या हेडचं. सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेजची पाती सरकवून पाहतात. मर्यादा साधारण ०.०५ मिमी. आमचं हेड ०.२० मिमी वाकलं होतं. तेवढं फेसिंग करून निघालं असतं. पण प्रेशर टेस्ट केली तेव्हा दुसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये बुडबुडे आले. तडा होता. घाटातली चार-पाच मिनिटं मला तिथे दिसली.

बाबा काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "आता?"

कोडं इथे सुटलं

आमच्याकडे चांगला ब्लॉक होता आणि खराब हेड. विक्रेत्याकडे खराब ब्लॉक होता, आणि हेड? ते इंजिन धुळीनं मेलं होतं, उष्णतेनं नाही. म्हणजे त्याचं हेड धड असण्याची शक्यता चांगली होती!

शुक्रवारी परत पुण्याला गेलो. इंजिन तिथेच होतं. दोन गिऱ्हाईकं आलीच नव्हती. "एकटं हेड देत नाही," शेठ म्हणाले. मी फोनवर तिसऱ्या सिलिंडरच्या गंजाचे फोटो दाखवले. थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, "घेऊन जा, पाच हजार." शेवटी ३,५०० ला ठरलं. अट एकच: प्रेशर टेस्टमध्ये तडा निघाला तर हेड परत. ते मी व्हॉट्सअॅपवर लिहून घेतलं.

तिथेच हेड उघडून पट्टी लावली, आणि कॅमशाफ्ट ज्या खाचांत फिरतो त्या बोटानं तपासल्या. तिथे ओरखडे असतील तर तेल कमी पडलेलं असतं आणि हेड बाद. खाचा गुळगुळीत होत्या. शनिवारी प्रेशर टेस्ट पास झाली.

हिशोब मांडूया

हे आकडे माझ्या केसचे आहेत. तुमच्या गावात, तुमच्या गाडीला वेगळे येतील. पण यादी मात्र हीच राहील.

आपलंच इंजिन, दुसरं हेड लावून:
– इंजिन उतरवणं, खोलणं, बांधणं, बसवणं: ८,०००
– वापरलेलं हेड: ३,५००
– हेडचं मशीन काम, व्हॉल्व्ह घासणं, प्रेशर टेस्ट: २,२००
– रिंगा आणि बेअरिंग: ४,३००
– गॅस्केट किट, ऑइल सील, हेड बोल्ट: २,९००
– टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप: ३,२००
– सगळे होज, थर्मोस्टॅट, रेडिएटर सफाई: २,४००
– ऑइल, फिल्टर, कूलंट: २,०००
– मोजमाप आणि होनिंग: १,२००
एकूण २९,७००. शिवाय बारा दिवसांत आजीच्या पाच फेऱ्या, ६,००० रुपये. म्हणजे ३५,७००.

२२,००० चं चालू इंजिन: टेम्पोभाडं, बसवायची मजुरी, बेल्ट-पंप, होज आणि तेलं धरून ३६,६००. गाडी तीन दिवसांत उभी, म्हणजे एकच फेरी. एकूण ३७,८००.

नऊ हजारांचं इंजिन बांधून: वरच्या यादीतून फक्त हेडचे ३,५०० वजा. त्यात इंजिन ९,०००, टेम्पो २,०००, बोअर आणि पिस्टनचे ५,१०० जादा. एकूण ४२,३००. बोअरला जास्त दिवस, म्हणून किमान सात फेऱ्या धरल्या तर ५०,७००.

बघा, सगळ्यात स्वस्त दिसणारा रस्ता सगळ्यात महाग निघाला. कारण मेलेलं इंजिन घेतलं तरी रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, बेल्ट, मजुरी यातलं काहीच वाचत नाही. ते नऊ हजार या यादीच्या जागी येत नाहीत, यादीच्या वर येतात.

दुसरा रस्ता मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फरक फक्त २,१०० चा होता आणि नऊ दिवस वाचत होते. आमचा ब्लॉक खराब निघाला असता, तर मी डोळे झाकून नव्हे पण तपासून तेच इंजिन घेतलं असतं. आमचा कल पहिल्या रस्त्याकडे गेला कारण त्या इंजिनाच्या आत काय आहे ते माहीत नव्हतं, आणि आमच्याकडे आता मापांचा कागद होता. वॉरंटी तीस दिवसांची असली तरी तीत इंजिन बदलून मिळतं, उतरवण्या-बसवण्याची मजुरी बहुतेक वेळा आपलीच.

शिवाय गाडीची किंमतही पाहिली. चालू असती तर आमची आल्टो सत्तर-ऐंशी हजारांना गेली असती, बंद असताना पंचवीसच्या वर कोणी बोललं नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. आमचं २०२३ ला झालं, २०२८ पर्यंत चालेल. बॉडी कुजली असती किंवा पासिंग संपत आलं असतं, तर तीस हजार घालणं चुकीचं ठरलं असतं.

कागदपत्रं: इथे हयगय नको

इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. इंजिन बदललं की नंबर बदलला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे ही गोष्ट आरटीओकडे नोंदवावी लागते. मंजुरी न घेता बदललं असेल तर १४ दिवसांत कळवायचं असतं. त्यामुळे आधीच आरटीओत विचारा. नोंद केली नाही तर विमा, विक्री, नूतनीकरण सगळीकडे अडतं.

म्हणून वापरलेलं इंजिन घेताना पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत मागा. त्या गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाकून नोंदणीचं वर्ष आणि इंधन जुळतंय का पाहा. आणि ब्लॉकवरचा नंबर घासलेला किंवा परत ठोकल्यासारखा वाटला तर किंमत कितीही कमी असो, निघून या. तो चोरीचा माल असू शकतो.

आमचा ब्लॉक तोच राहिला, म्हणून नंबर तोच राहिला. हेड बदलण्याला ही कटकट नाही.

पैसे द्यायच्या आधी हे पाच प्रश्न

१. माझं इंजिन नक्की कशानं गेलं? कॉम्प्रेशनचे आकडे कुठे आहेत?
२. विकाऊ इंजिन कशानं गेलं? उत्तर 'माहीत नाही' असेल तर बोअर, पिस्टन आणि क्रँक तिन्ही खराब धरून हिशोब करा.
३. त्या इंजिनातला कोणता भाग मला हवाय? तेवढाच मिळतो का?
४. पूर्ण यादीची बेरीज, त्यात गाडी बंद असलेल्या दिवसांचा खर्च, किती होतो?
५. एवढे पैसे घातल्यावर गाडी, तिची बॉडी आणि तिचं पासिंग आणखी किती वर्षं चालणार?

गुरुवारी संध्याकाळी, बाराव्या दिवशी, गाडी सुरू झाली. काकांनी आधी प्लग काढून स्टार्टर मारून तेल वर चढू दिलं, मगच प्लग लावले. पहिले ५०० किलोमीटर इंजिन ताणायचं नाही, एकाच वेगानं तासन्‌तास चालवायचं नाही, त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलायचं, असं बजावलं. नवीन आकडे मी डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहून ठेवलेत: १७०, १६५, १७०.

शुक्रवारी आजी गाडीत बसली. वाटेत तिनं विचारलं, "सारखं काय बघतोस तिकडे?"

मी टेम्परेचरचा काटा बघत होतो. तो मधोमध होता.

"काही नाही," मी म्हणालो. "आता वर गेला तर थांबायचं, एवढंच."